हाशिरच्या नावावर

१२ ऑक्टोबर १९९०, जुबैल

आलो एकदाचा! विमान निम्मं रिकामं होतं. शेजारचा मलबारी म्हातारा म्हणाला, सगळी दुनिया इथून पळायला बघतेय आणि तू नव्या कोऱ्या पासपोर्टावर इकडे निघालास, कमाल आहे तुझी. मी हसलो. बाणकोटच्या खाडीकाठी मासळीचा टेम्पो हाकण्यात माझी उमर चालली होती. पावसात रस्ता खचला की मासळी नासायची आणि शिव्या मला, यूनुसला. इराकने कुवेत घेतलं ते घेतलं, जुबैल तिथून लांब आहे, असं सिराजभाईंनी फोनवर सांगितलं होतं.

दहरानच्या विमानतळावर ते स्वतः आले होते. सिराजुद्दीन, माझ्या थोरल्या बहिणीचे, इस्मतआपाचे यजमान. माझी बॅग मला उचलू दिली नाही. घरी पोहोचलो तर आपा दारातच गळ्यात पडली आणि रडून मोकळी झाली. जेवायला तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं कालवण. सोडे मीच गावाहून आणलेले, पण तिच्या हाताची चव किती वर्षांनी! भाची दुआ सात वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, मग आम्ही दोघे आपाच्या तोंडाकडे बघतो.

खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्यांवरची ज्योत दिसते. झोप येत नाही, पण ती आनंदाने.

१५ ऑक्टोबर

धंदा समजून घेतला. सिराजभाईंकडे एक दणकट पिकअप आहे, मागे दुहेरी चाकांची, आणि तिला जोडायचा लांब सपाट ट्रेलर. इकडे सगळे त्याला तरेला म्हणतात. ना बाजू, ना छप्पर. नुसत्या जाड फळ्या आणि खाली लोखंड.

एखाद्या कारखान्याचा पंप बसला की उत्पादन थांबतं. मोठा ट्रक पूर्ण माल भरल्याशिवाय हलत नाही. आपण एका खोक्यासाठीही हलतो. फोन वाजला की ट्रेलर जोडायचा, माल बांधायचा आणि सुटायचं. अमेरिकन साहेब याला हॉट शॉट म्हणतात. आपा म्हणाली, गरमागरम भज्यांसारखा धंदा आहे, थंड झाला की कोणी विचारत नाही.

माल बांधणं ही मोठी विद्या आहे. वजन चाकांच्या थोडं पुढे यायला हवं. मागे पडलं तर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो आणि पिकअपलाच रस्त्याबाहेर भिरकावतो. साखळ्या तिरक्या, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या. दांड्याने आवळायच्या. थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा आवळायच्या, कारण माल बसतो आणि साखळी सैल पडते. सिराजभाई हे सगळं भिंतीच्या सावलीत उभं राहून, हात दाखवून शिकवत होते. दिवसभरात ट्रेलरला हात म्हणून लावला नाही. मला वाटलं, उस्ताद असेच असतात.

एक गोष्ट मात्र मला रुचली नाही. माझा व्हिसा पाहुण्याचा. त्यावर काम करता येत नाही. कफीलशी, म्हणजे ज्याच्या नावावर धंदा आहे त्या सौदी मालकाशी, बोलून दोनेक महिन्यांत माझे कागद होतील, तोवर आधीच्या ड्रायव्हरचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि लायसन वापरायचं. त्याचं नाव हाशिर. दापोलीकडचा पोरगा. गेल्या महिन्यात न सांगता काम सोडून हाइलला गव्हाच्या शेतीवर गेला म्हणे, आणि कागद इथेच टाकून गेला. त्यावर माझा फोटो चिकटवून झालाही आहे. मी आपाकडे बघितलं. ती पोळपाट धूत होती. मागे न वळता म्हणाली, "सगळे असंच करतात रे इथे."

आपा म्हणाली म्हणजे झालं. उद्यापासून रस्त्यावर मी हाशिर.

२४ ऑक्टोबर

पहिली खेप एकट्याने! अबकैकला तेलाच्या कारखान्यात एक झडप पोहोचवली. माझ्या कमरेएवढी उंच, बाळासारखी गोधडीत गुंडाळून दिली होती. तीनदा थांबून साखळ्या तपासल्या. एकदा पुरे होतं. दारावरचा साहेब घड्याळ बघून खूष झाला, पाठ थोपटली आणि म्हणाला, थँक यू, हाशिर.

मी मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतोय ते. मग आठवलं.

११ नोव्हेंबर

आता फौजेचं काम. नुऐरियाच्या पलीकडे वाळवंटात अमेरिकनांनी गावंच्या गावं उभी केली आहेत, तंबूंची. पाण्याचे पंप, टायर, जनरेटरचे भाग, जे तातडीचं असेल ते आम्ही नेतो. शिपाई पोरं माझ्याहून लहान. एकाने मला चॉकलेट दिलं, ते दुआसाठी ठेवलं आहे.

परतताना ट्रेलर रिकामा होता. रिकामा ट्रेलर उड्या मारतो, फळ्या खडखडतात, डोकं उठतं. आज खडखडला नाही. नुऐरिया सोडल्यावर एका जागी, जिथे डावीकडे जुनी पायवाट वाळूत शिरते, तिथून पुढे तो गप्प झाला. गाडी ओढताना जड लागायला लागली. उतरून बघितलं. ब्रेक चिकटला नव्हता, चाकं गरम नव्हती. फक्त मागच्या स्प्रिंगा किंचित बसल्या होत्या.

सिराजभाईंना सांगितलं. स्प्रिंगा जुन्या झाल्यात म्हणाले. जेवण अर्धं टाकून उठले.

२८ नोव्हेंबर

तफ्तीश, म्हणजे तपासणीच्या नाक्यावर सौदी शिपायाने माझा इकामा बघितला, परत दिला आणि हात तसाच पुढे ठेवला. दुसरा दे म्हणाला. मी म्हटलं दुसरा कुठला, मी एकटाच. त्याने मागे ट्रेलरकडे बोट केलं. मग स्वतः मागे जाऊन आला. यल्ला, यल्ला, नीघ, एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता अडसर उचलला.

उन्हाने डोळ्यांना भास होतात. त्यालाही झाला असेल.

१६ डिसेंबर

भास नाही.

लख्ख दुपार, सावली गाडीच्या पोटाखाली. ट्रेलर रिकामा. आरशात बघितलं तर ट्रेलरच्या शेवटच्या टोकाला एक माणूस बसला होता. पाठ माझ्याकडे. पाय खाली सोडलेले. अंगात मळका निळा डगला, कामगार घालतात तसला. वाऱ्याने त्याचे केस उडायला हवे होते. उडत नव्हते.

ब्रेक मारला. धूळ पुढे गेली. उतरलो. कोणी नाही. दोन्ही बाजूंना सपाट वाळू, लपायला झुडूपसुद्धा नाही. फळ्या उन्हाने इतक्या तापल्या होत्या की हात ठेववत नव्हता. तो बसला होता तिथे ठेवला. ती जागा गार होती. आमच्या विहिरीच्या काठासारखी गार.

कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत घरापर्यंत आलो. आरसा वर वळवून ठेवला होता.

३ जानेवारी १९९१

आज सिराजभाईंशी बोललो. वेडा म्हणतील या भीतीने बेताने सांगितलं. एवढंच म्हणालो की ट्रेलरवर काहीतरी आहे असं मला वाटतं.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "काही बोलला का तो?"

मी माणसाचं नावही काढलं नव्हतं.

२० जानेवारी

लढाई सुरू झाली. भोंगे वाजतात, आम्ही विषारी गॅसच्या भीतीने तोंडावर रबरी मुखवटे चढवून न्हाणीघरात बसतो. दुआचा मुखवटा तिला मोठा होतो, आपा हाताने धरून ठेवते. विमानतळ बंद. दुसरे बरेच ड्रायव्हर गाड्या टाकून पळाले, त्यामुळे आम्हाला काम दुप्पट. मी हात जोडून सांगितलं, मला नको हे काम. सिराजभाई म्हणाले, व्हिसा संपलाय तुझा, दुसऱ्याच्या नावाचे कागद घेऊन फिरतोस, पकडला गेलास तर मी काय करू? अगदी प्रेमाने म्हणाले. खांद्यावर हात ठेवून.

मग तुम्ही या बरोबर, मी म्हटलं. त्यांचा हात खांद्यावरून निघाला.

२६ जानेवारी

नुऐरियात पंक्चरचं दुकान आहे, जमालुद्दीनचाचांचं. मूळचे श्रीवर्धनचे. लढाईतही दुकान उघडं ठेवणारा हा एकच माणूस. आज ट्रेलरचं चाक काढायला गेलो. चाचा ट्रेलरकडे बघत राहिले आणि मला विचारलं, हाशिर कुठे आहे.

मी म्हटलं हाइलला. ते म्हणाले, हाइलला त्याचं कोण आहे? लग्न ठरलं होतं त्याचं, दापोलीला. मुलीसाठी घेतलेलं घड्याळ याच दुकानात सांभाळायला ठेवलंय त्याने. असं सोडून कोणी जातं?

सप्टेंबरमध्ये हाशिर आणि सिराजभाई दोघं इथून डिझेल भरून निघाले होते. ट्रेलरवर लोखंडी पाईप होते. काही दिवसांनी सिराजभाई एकटेच त्याच वाटेने परत गेले, आणि नंतर त्यांना चाचांनी या रस्त्यावर कधीच पाहिलं नाही.

चाचा म्हणाले, "पोरा, तू त्याचा डगला घालू नकोस."

माझ्या अंगात डगला नव्हता. सदरा होता. मी मागे वळून बघितलं नाही.

३१ जानेवारी

आपाला विचारलं. सिराजभाई नमाजला गेले होते. ती तांदूळ निवडत होती. मी सरळ विचारलं, हाशिर कुठे आहे. तिचा हात तांदळातच राहिला.

मग सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

कुवेत पडल्यावर साहेब लोक पळाले, एका कंपनीचं काम बंद पडलं आणि आवारात पाईप तसेच पडून राहिले. सिराजभाईंनी ते उचलले. चोरीचा माल, म्हणून नाके चुकवायला वाळवंटातली जुनी वाट धरली. वाट उंचसखल. माल सांभाळायला हाशिर ट्रेलरवर बसला. एका खळग्यात साखळी तुटली, पाईप घसरले आणि त्याचे दोन्ही पाय खाली सापडले. तो शुद्धीवर होता. बोलत होता. सिराजभाईंना पाईप हलेनात. म्हणून त्यांनी ट्रेलर तिथेच सोडला आणि मदत आणतो म्हणून पिकअप घेऊन निघाले.

पण मदत मागायची तर पोलिसांत सांगावं लागलं असतं, पाईप कुणाचे ते. ते घरी आले. रात्र काढली. दुसऱ्या दिवशी जायला उठले होते.

"मीच दार अडवलं," आपा म्हणाली. "म्हटलं, आता जाऊन काय उपयोग. तो गेला असेल. चोरीपायी तुमचा हात तोडतील, मी पोरीला घेऊन कुठे जाऊ."

आणखी दोन दिवसांनी ते गेले. जड माल उचलायची यारी भाड्याने नेली, पाईप उतरवले, त्याला तिथेच वाळूत लोटलं आणि ट्रेलर धुऊन घरी आणला. ना कफन, ना जनाजा. त्यानंतर सिराजभाईंनी दोनदा ट्रेलर बाहेर काढला, आणि दोन्ही वेळा त्यांना तो मागे बसलेला दिसला. मग त्यांनी मला बोलावलं. पत्र आपाने लिहिलं होतं. ये यूनुस, तुझं भलं होईल.

मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तरी मला त्या ट्रेलरला जुंपलंस?

ती म्हणाली, मला वाटलं, तुला तो ओळखत नाही, तुझं काही वाकडं करणार नाही.

लहानपणी खाडीत पोहताना हीच मला काठावरून हाका मारायची, खोल जाऊ नको म्हणून.

११ फेब्रुवारी

पुढे सरकलाय. आधी टोकाला, मग मध्ये. आज ट्रेलर सोडून पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या मागच्या काचेला पाठ लावून बसला होता. आरशात फक्त त्याचे खांदे. काचेवर आतून वाफ धरली. दुपारी. एवढ्या उन्हात.

काच वाजवली त्याने. हळू. एखादा बिचकत दार ठोठावतो तशी.

पंप पोहोचवला. कसा ते आठवत नाही. आता मी ट्रेलर जोडणार नाही. मारून टाकलं तरी नाही.

२२ फेब्रुवारी

हाशिरचा थोरला भाऊ दोहाला असतो. त्याचे फोनवर फोन येतायत. लढाई संपली की मी येतो, माझा भाऊ जिवंत किंवा मेलेला माझ्यापुढे उभा करा, नाहीतर पोलिसांत जातो, असं म्हणाला. सिराजभाई फोन ठेवून भिंतीला टेकून बसले. मग माझे पाय धरले. खरंच धरले. वयाने एवढा मोठा माणूस. दुआ दारात उभी राहून बघत होती.

मी विचार करून सांगितलं. पोलिसांत मी जाणार नाही, आपासाठी. पण त्याला असा टाकून ठेवायचा नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला, जागा दाखवा. त्याला कफन घालू, नमाज पढू, कबर नीट करू. मग त्याच्या भावाला कबर दाखवा आणि खरं काय ते सांगा. पुढचं अल्लाच्या हाती.

ते लगेच हो म्हणाले. डोळे पुसले. म्हणाले, तू मला वाचवलंस. आपाने पांढरं कापड आणलं आणि स्वतः कापलं. आज कितीतरी दिवसांनी आम्ही एका ताटात जेवलो. माझ्या मनातला राग सगळा गेला नाही, पण मवाळ झाला. माणसं घाबरतात. घाबरून वाईट वागतात. आपलीच आहेत.

१ मार्च, सकाळ. नुऐरिया

लढाई थांबली म्हणतात. पळताना इराक्यांनी कुवेतच्या तेलविहिरी पेटवून दिल्या, तो सगळा धूर वारा इकडे लोटतोय. सूर्य जुन्या तांब्याच्या पैशासारखा दिसतो. लोक दिवसाढवळ्या गाड्यांचे दिवे लावून चालले आहेत.

सिराजभाई गाडी चालवतायत. ट्रेलर जोडलाय. कुदळ, फावडं आणि कापड त्यावर बांधलं आहे. मी म्हटलं होतं, ट्रेलर कशाला? ते म्हणाले, तो यावरच बसलाय ना, याच्यावरूनच त्याला उतरवायला हवं. पटलं मला.

निघताना आपाने माझ्या खिशातला पासपोर्ट काढून घेतला. एकाच माणसाकडे दोन नावांचे कागद दिसले तर नाक्यावर अडकाल म्हणाली. घरी नीट ठेवते. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघत राहिली.

सिराजभाई डिझेलचे पैसे देऊन येतायत. जमालुद्दीनचाचांचं दुकान आज बंद आहे. आरशात बघितलं. ट्रेलरवर कोणी नाही. बरं वाटलं.

१ मार्च. दुपार असावी

काळोख आहे. घड्याळ दुपार दाखवतं.

क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

वाट संपते तिथे खळगा आहे. गंजलेली साखळी पडलेली, वाळूचा उंचवटा. सिराजभाईंनी काचेतूनच दाखवलं, हीच जागा. मग म्हणाले, वाळू भुसभुशीत आहे, ट्रेलरसकट गाडी वळणार नाही. तू ट्रेलर सोड, मी गाडी वळवून घट्ट जागी लावतो आणि येतो.

मी उतरलो. ट्रेलरचा पाय खाली घेतला. खिळा काढला. साखळ्या सोडल्या, दिव्यांची वायर ओढली. सगळं माझ्या हातांनी केलं.

गाडी पुढे गेली, वळली. मी कुदळ सोडवत होतो. माझ्या बाजूने गेली. मी हात केला, की तिकडे खळगा आहे, जपून. ते समोर बघत होते. मागचे तांबडे दिवे धुरात गेले. मी बराच वेळ समजत होतो की घट्ट जागा सापडत नसेल.

नंतर

हाका मारून घसा फाटला. चाकांच्या खुणा धरून चालत गेलो. वारा आहे, खुणा बुजतायत. सूर्य नाही, दिशा नाही. सरळ चाललो होतो. पुढे काहीतरी काळं दिसलं, गाडी वाटली, धावलो. ट्रेलर होता. हाच.

पुन्हा गेलो. पुन्हा हाच.

आकाशातून काळे थेंब पडतायत. तेलाचे. पानावर पडलेत ते डाग.

नंतर

उंचवटा खणला. याच कामासाठी आलो होतो. सापडला. जास्त लिहीत नाही. निळा डगला होता. कापडात घेतला, नीट खोल खणून ठेवला, एकट्याने नमाज पढली. त्याच्या आईचं नाव मला माहीत नाही. हाशिर, दापोलीवाला, एवढंच म्हणालो.

आता तरी—

नंतर

खिशात हात घातला. इकामा. नाव हाशिर, फोटो माझा. दुसरा एकही कागद नाही अंगावर.

आता कळलं.

भावाला प्रेत हवंय. हाशिरच्या नावाचं. कोणीतरी मला इथे शोधून काढेल. सिराजभाईच काढतील, चार दिवसांनी, पोलीस बरोबर घेऊन. लढाईत वाट चुकला बिचारा. भाऊ पोहोचेपर्यंत मला पुरलेलं असेल, त्याला दिसेल नुसती कबर. पाईपबद्दल कोणी विचारणार नाही. पाय कसे मोडले कोणी विचारणार नाही, माझे पाय धड आहेत. आणि यूनुस? यूनुस आलाच होता कुठे. पाहुण्याच्या व्हिसावरचा माणूस. लढाईत पळाला कुठेतरी. अम्माला तसंच लिहितील. आपा लिहील. अक्षर तिचं चांगलं आहे.

नाही. आपाला ठाऊक नसेल. पासपोर्ट तिने काळजीने घेतला. सिराजने सांगितलं असेल. ती माझी—

पाण्याचा कॅन. सकाळी मी तो ट्रेलरवर बांधत होतो. आपा धावत आली, म्हणाली, तिथे नको, गाडीत ठेव, वर उन्हाने तापेल.

ऊन कुठे होतं?

ऊन कुठे होतं, आपा?

तारीख माहीत नाही

जीभ सुजलीय. ट्रेलरच्या मधोमध बसलोय. खाली उतरत नाही. उतरलो की हरवतो

स्प्रिंग वाजली. मागच्या टोकाची.

वारा असेल

नीट पुरला होता त्याला. नमाज पढली. मग हा कोण

पुन्हा. जवळ. फळीवरून घासत येतोय. हातांवर. पाय ओढत—

लिहीत राहायचं. बघायचं नाही

शेजारची फळी दबली. गार लागतंय या अंगाला.

बोलतोय. आपलीच बोली. मला वाटलं होतं रागात असेल. राग नाही. दमलेला आवाज, थोडा लाजल्यासारखा

विचारतोय, सिराजभाई मदत आणायला गेलेत ना

मी काय सांगू याला

पुन्हा विचारतोय. येतील ना ते

मी म्हटलं हो. येती—